जीवशास्त्राच्या व्याख्या गृहपाठासाठी कुठे शोधायच्या? आणि सापडलेली व्याख्या बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

रात्रीचे साडेनऊ वाजलेत. आठवीतल्या मुलीला उद्या सकाळी वही दाखवायची आहे. 'पेशी, ऊती, विकर, संप्रेरक, परिसंस्था यांच्या व्याख्या लिहा' एवढाच गृहपाठ आहे. पुस्तक मैत्रिणीकडे राहिलंय. मग आईचा मोबाइल घेतला जातो, सर्च केलं जातं आणि पहिलं जे दिसेल ते वहीत उतरतं. दहा मिनिटांत गृहपाठ संपतो.

दुसऱ्या दिवशी वहीवर लाल रेघ येते. स्नायुसंस्थेच्या जागी मेंदू आणि मज्जारज्जूची माहिती लिहिलेली असते. मुलीला कळत नाही की चुकलं काय, कारण तिने तर नीट बघून, एकही शब्द न गाळता उतरवलं होतं.

ही चूक आळसामुळे झालेली नाही. मराठीतून जीवशास्त्राची व्याख्या शोधताना वाटेत काही ठरावीक खड्डे आहेत, ते कुणी सांगत नाही. ते कोणते आणि त्यातून वाट कशी काढायची, ते पाहू.

'परिभाषा' शोधली की हिंदी का सापडतं?

पहिला खड्डा शोधाच्या शब्दातच आहे. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत लिहिल्या जातात. त्यामुळे तुम्ही मराठी शब्द टाकलात तरी समोर हिंदी पानं येतात, आणि हिंदीतला मजकूर संख्येने खूप जास्त असल्यामुळे अनेकदा तीच वर असतात.

त्यात आणखी एक गोंधळ आहे. मराठीत 'व्याख्या' म्हणजे एखाद्या संज्ञेचा नेमका, थोडक्यात सांगितलेला अर्थ. 'परिभाषा' म्हणजे एखाद्या शास्त्रातल्या संज्ञांचा संच. हिंदीत मात्र नेमक्या अर्थाला 'परिभाषा' म्हणतात आणि 'व्याख्या' म्हणजे सविस्तर स्पष्टीकरण. म्हणून 'ऊतक की परिभाषा' असं शीर्षक दिसलं, तर ते पान हिंदी आहे हे लगेच ओळखा. हिंदी वाचण्यात काहीच गैर नाही. पण त्यातले शब्द तसेच मराठी वहीत उतरवले की अडचण सुरू होते.

पेशी म्हणजे नेमकं काय?

सगळ्यात मोठा घोळ या एका शब्दाचा आहे. महाराष्ट्रातल्या शालेय पुस्तकांत 'पेशी' म्हणजे सेल, सजीवांच्या शरीराचा मूलभूत घटक. हिंदीत त्याला 'कोशिका' म्हणतात. हिंदीत 'पेशी' म्हणजे मांसपेशी, म्हणजे आपण ज्याला स्नायू म्हणतो तो. एवढंच नाही, तर हिंदीत कोर्टात हजर होण्यालाही 'पेशी' म्हणतात. त्यामुळे नुसतं 'पेशी' शोधलं, तर जीवशास्त्राऐवजी एखाद्या खटल्याची बातमीही समोर येऊ शकते.

हिंदीने हा अर्थ कुठून तरी चुकीचा उचलला असं नाही. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत 'पेशी' हा शब्द मांसाच्या पेशीसाठीच येतो. सुश्रुतसंहितेत माणसाच्या शरीरात ५०० पेशी सांगितल्या आहेत, त्या याच अर्थाने. सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या घटकासाठी शब्द हवा होता, तेव्हा मराठीने 'पेशी' घेतला आणि हिंदीने 'कोशिका'. एकाच संस्कृत शब्दाच्या दोन वाटा झाल्या.

'स्नायू'चंही असंच. मराठीत स्नायू म्हणजे मसल. हिंदीत 'स्नायु' हा शब्द मज्जातंतूसाठी वापरला जातो आणि 'स्नायु तंत्र' म्हणजे चेतासंस्था. लाल रेघ नेमकी इथेच पडली होती.

घाईत गोंधळ होऊ नये म्हणून ही छोटी यादी जवळ ठेवा. आधी आपल्या पुस्तकातला शब्द, मग हिंदीतला:

- सेल: पेशी – कोशिका
- टिश्यू: ऊती – ऊतक
- मसल: स्नायू – पेशी, मांसपेशी
- नर्व्ह: चेता – तंत्रिका
- मायटोकॉन्ड्रिया: तंतुकणिका – सूत्रकणिका
- हार्मोन: संप्रेरक – हार्मोन
- इकोसिस्टीम: परिसंस्था – पारितंत्र
- इव्होल्यूशन: उत्क्रांती – जैव विकास, क्रमविकास

जीवाणू, विषाणू, कवक, गुणसूत्र, हरितलवक, प्रकाशसंश्लेषण हे शब्द दोन्हीकडे जवळपास सारखेच आहेत. तिथे फारशी भीती नाही.

मग सुरुवात कुठून करायची?

उत्तर कंटाळवाणं वाटेल, पण तेच बरोबर आहे: पाठ्यपुस्तकातून. कारण गृहपाठ त्याच पुस्तकावर दिलेला असतो आणि तपासणाऱ्या शिक्षकांच्या डोक्यातही त्यातलेच शब्द असतात.

पुस्तक हाताशी नसेल तरी अडत नाही. बालभारती, म्हणजे पुण्यातलं महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, आपल्या पुस्तकांच्या पीडीएफ संकेतस्थळावर मोफत देतं. इयत्ता आणि माध्यम निवडायचं आणि पुस्तक उतरवून घ्यायचं. शाळा सुरू होतानाच ही पीडीएफ मोबाइलमध्ये ठेवली, तर रात्री साडेनऊची धावपळ वाचते.

कोणता शब्द कुठे सापडेल याचा अंदाजही बांधता येतो. आठवीच्या सामान्य विज्ञानात 'पेशी व पेशीअंगके' हा पाठ आहे. पेशीभित्तिका, प्रद्रव्यपटल, केंद्रक, लयकारिका, रिक्तिका हे शब्द तिथे भेटतात. दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये आनुवंशिकता व उत्क्रांती, सजीवांतील जीवनप्रक्रिया, प्राण्यांचे वर्गीकरण, पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान असे पाठ आहेत. दहावीत असताना आठवीतला शब्द अडला, तर लाजायचं कारण नाही. आठवीचं पुस्तक उघडा. मूळ व्याख्या बहुतेक वेळा आधीच्या इयत्तेत असते आणि पुढच्या इयत्तेत ती माहीत आहे असं धरून चाललेलं असतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पुस्तकात दर वेळी '... म्हणजे ...' असं सरळ वाक्य सापडेलच असं नाही. कधी व्याख्या एका परिच्छेदात विखुरलेली असते, कधी आकृतीखाली असते. तो परिच्छेद पूर्ण वाचून दोन ओळी स्वतः तयार करणं, हाच खरं तर तो गृहपाठ असतो.

सेमी-इंग्रजीवाल्यांचं काय?

महाराष्ट्रात अनेक मुलं सेमी-इंग्रजीत शिकतात. म्हणजे विज्ञान आणि गणित इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. इथे अडचण घराचीही असते. आईबाबा मराठी माध्यमात शिकलेले असतात. त्यांना प्रकाशसंश्लेषण माहीत असतं, पण मुलीच्या वहीत फोटोसिंथेसिस असतं. दोघांना एकच गोष्ट ठाऊक असते, तरी बोलणं जुळत नाही. मग 'मला नाही कळत तुझं इंग्रजी, ट्युशनला विचार' असं म्हणून विषय संपतो.

यावर एक सोपा उपाय आहे. बालभारतीची एकाच इयत्तेची मराठी आणि इंग्रजी माध्यमाची विज्ञानाची पुस्तकं एकाच आराखड्यावर असतात. पाठांचा क्रम तोच, आकृत्या त्याच. दोन्ही पीडीएफ उतरवून घ्या आणि तोच पाठ शेजारी शेजारी उघडा. इंग्रजीतल्या आकृतीवर जिथे मायटोकॉन्ड्रिया लिहिलंय, तिथेच मराठीत तंतुकणिका लिहिलेलं दिसेल. मुलीने इंग्रजीतून वाचावं, बाबांनी मराठीतून, आणि मग एकमेकांना समजावून सांगावं. व्याख्या पाठ होण्याआधी ती कळते, आणि बाबांनाही बाजूला बसून राहावं लागत नाही.

कोश आणि विश्वकोश यांत फरक काय?

पुस्तकात शब्द सापडला नाही, तर दुसरा दरवाजा कोशांचा. इथेही दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, परिभाषा कोश. १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने वेगवेगळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश तयार केले आहेत. त्यात जीवशास्त्राचाही आहे. हे कोश आता ऑनलाइन शोधता येतात. इंग्रजी संज्ञा टाकली की तिचा मराठी पर्याय मिळतो. पण इथे साधारणपणे फक्त प्रतिशब्द असतो, व्याख्या नसते. म्हणजे दोन भाषांमधला पूल म्हणून तो उत्तम, पण वहीत लिहायचं उत्तर तिथे मिळणार नाही.

दुसरी, मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईत हे काम उभं राहिलं आणि पहिला खंड १९७६ मध्ये आला. आज हे खंड संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. इथे व्याख्या मिळते आणि तिच्यामागची सगळी माहितीही मिळते. लहानांसाठी केलेल्या कुमार विश्वकोशात 'जीवसृष्टी आणि पर्यावरण' हाच विषय घेतला आहे. शाळकरी मुलांनी मोठ्या विश्वकोशाआधी तो पाहावा.

पण सावधान. विश्वकोशाच्या जुन्या खंडांतले शब्द शालेय पुस्तकातल्या शब्दांपेक्षा वेगळे आहेत. तिथे पेशीसाठी 'कोशिका', ऊतीसाठी 'ऊतक', उत्क्रांतीसाठी 'क्रमविकास' आणि चेतासंस्थेसाठी 'तंत्रिका तंत्र' असे शब्द वापरले आहेत. म्हणून 'उत्क्रांती' शोधून नोंद मिळाली नाही, तर 'क्रमविकास' टाकून पाहा. आणि 'कोशिका' दिसली म्हणजे पान हिंदीच असेल, असंही धरू नका. वाक्यात 'आहे' आहे की 'है', ते बघा. माहिती विश्वकोशातून घ्यायची आणि वहीत लिहिताना शब्द पुस्तकातला वापरायचा, हा साधा नियम.

एकाच गोष्टीला मराठीत दोन शब्द असणं ही चूक नाही. विकर आणि वितंचक दोन्ही एन्झाइमच. चेतासंस्था आणि मज्जासंस्था दोन्ही नर्व्हस सिस्टीमच. शिक्षक एक शब्द वापरतात आणि आजोबा दुसरा, तर दोघंही बरोबर असू शकतात.

अनुवादाचं ॲप किंवा एआय वापरलं तर?

वापरायला हरकत नाही, पण त्याचं उत्तर पुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय उतरवू नका. एकाच इंग्रजी शब्दाचे अनेक अर्थ असतात आणि यंत्राची गाडी तिथेच घसरते. कल्चर म्हणजे संस्कृती, हे खरं. पण प्रयोगशाळेतलं टिश्यू कल्चर म्हणजे ऊती संवर्धन. तिथे 'ऊतक संस्कृती' लिहिलं, तर हसू येईल आणि गुणही जातील. स्टेम म्हणजे खोड, पण स्टेम सेल म्हणजे 'खोडाची पेशी' नाही, मूलपेशी.

एआयचं उत्तर ओघवतं असतं, म्हणून ते खरं वाटतं. त्यात मराठी वाक्यात हिंदी संज्ञा सहज मिसळलेल्या असतात. विचारतानाच 'महाराष्ट्र बोर्डाच्या आठवीच्या पुस्तकातले शब्द वापरून सांग' असं म्हटलं, तर थोडा फरक पडतो. तरी तपासण्याचं काम तुमचंच.

शब्द फोडला की व्याख्या निम्मी हातात येते

मराठी संज्ञांबद्दल मुलांची एकच तक्रार असते, 'किती अवघड शब्द!' खरं तर हे शब्द फोडले की आपला अर्थ स्वतःच सांगतात.

- प्रकाशसंश्लेषण: संश्लेषण म्हणजे जोडून नवं तयार करणं. प्रकाशाच्या मदतीने अन्न तयार करणं.
- तंतुकणिका: तंतू आणि कणिका. मायटोकॉन्ड्रियाच्या मूळ ग्रीक शब्दांचा अर्थही धागा आणि कण असाच आहे.
- मृतोपजीवी: मृत अधिक उपजीवी. मेलेल्या, कुजणाऱ्या पदार्थांवर जगणारा.
- उभयचर: उभय म्हणजे दोन्ही. पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे वावरणारा, जसा बेडूक.
- संधिपाद: सांधे असलेले पाय ज्याला आहेत तो. झुरळ, खेकडा, विंचू.
- अर्धगुणसूत्री विभाजन: ज्या विभाजनात गुणसूत्रं निम्मी होतात. माणसाच्या शरीरपेशीत ४६ असतात, तर या विभाजनातून तयार होणाऱ्या युग्मकात २३.

शेवटचं उदाहरण पाहा. इंग्रजी शब्द मायटोसिस आणि मिऑसिस इतके सारखे आहेत की परीक्षेत त्यांची हमखास अदलाबदल होते. मराठीत 'अर्ध' हा शब्दच उत्तर सांगतो. सेमी-इंग्रजीच्या मुलांनीही केवळ यासाठी मराठी संज्ञा माहीत करून घ्यावी.

रोजचा शब्द आणि शास्त्रातला शब्द

काही शब्द अवघड नसतात, उलट फार ओळखीचे असतात. म्हणूनच ते जास्त फसवतात.

'फळ' घ्या. मंडईत वांगी, भेंडी, टोमॅटो भाजीवाल्याकडे मिळतात आणि आंबा, चिकू फळवाल्याकडे. जीवशास्त्रात मात्र फलनानंतर फुलाच्या अंडाशयापासून तयार होणारा, बिया धारण करणारा भाग म्हणजे फळ. त्या हिशेबाने वांगंही फळ आणि भेंडीही फळच. उपवासाच्या दोन पदार्थांचंही असंच आहे. रताळं हे मूळ आहे, पण जमिनीखालीच वाढणारा बटाटा हे खोड आहे. बटाट्यावरचे 'डोळे' म्हणजे त्या खोडावरचे कोंब. कोळ्याला आपण सहज कीटक म्हणतो, पण कीटकाला पायांच्या तीन जोड्या असतात आणि कोळ्याला चार.

सगळ्यात जास्त गुण घालवणारा शब्द आहे 'श्वसन'. श्वास घेणं आणि सोडणं म्हणजे श्वासोच्छ्वास. पेशीमध्ये अन्नघटकांचं ऑक्सिडीकरण होऊन ऊर्जा मिळणं म्हणजे पेशीस्तरावरचं श्वसन. झाडांना नाक नाही, फुप्फुसं नाहीत, तरी ती श्वसन करतात आणि रात्रंदिवस करतात. 'झाडं फक्त रात्री श्वसन करतात' हे वाक्य कितीही वेळा ऐकलेलं असलं, तरी चूकच आहे.

व्याख्या चांगली आहे हे कसं ओळखायचं?

कोणत्याही व्याख्येला दोन प्रश्न विचारा. ही गोष्ट कोणत्या गटातली? आणि त्या गटातल्या इतरांपासून ती वेगळी कशी?

'ऊती म्हणजे पेशींचा समूह.' पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, दुसऱ्याचं नाही. पेशींचा कोणताही ढीग म्हणजे ऊती नव्हे. 'समान रचना असलेल्या आणि मिळून एक विशिष्ट कार्य करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती.' आता दोन्ही उत्तरं आली.

विकर आणि संप्रेरक यांत हमखास गोंधळ होतो, कारण दोन्ही 'शरीरातील रसायनं' म्हणून पाठ केलेली असतात. विकर हे जैविक उत्प्रेरक आहे. ते अभिक्रियेचा वेग वाढवतं, पण त्यात स्वतः खर्ची पडत नाही. लाळेतलं अमायलेज पिष्टमय पदार्थांचं विघटन करतं. संप्रेरक हे रासायनिक निरोप्यासारखं आहे. ते अंतःस्रावी ग्रंथींतून रक्तात मिसळतं आणि दूरच्या अवयवाचं काम नियंत्रित करतं. स्वादुपिंडातलं इन्सुलिन हे त्याचं उदाहरण. काम आणि वाट, दोन्ही वेगळी.

मग तिसरा प्रश्न: अपवाद सापडतो का? 'प्रत्येक पेशीत केंद्रक असतं' असं कुठे लिहिलेलं दिसलं, तर थांबा. जीवाणूंच्या पेशीत सुस्पष्ट केंद्रक नसतं. आपल्या प्रौढ लाल रक्तपेशींतही नसतं. व्याख्येत 'सर्व', 'नेहमी', 'फक्त' हे शब्द आले की एकदा तपासून घ्यावं.

जुन्या पुस्तकातली व्याख्या चालेल का?

व्याख्या दगडावर कोरलेली नसते. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यातल्या कप्प्यांना सेल म्हणजे छोटी खोली असं नाव दिलं. त्याला दिसल्या होत्या त्या मृत पेशींच्या रिकाम्या भिंती. पेशी हा सजीवांचा मूलभूत घटक आहे हा सिद्धांत श्लायडेन आणि श्वान यांनी मांडला तो १८३८-३९ मध्ये. शब्द तोच राहिला, अर्थ पार बदलला.

जनुकासाठीचा जीन हा शब्द योहानसन यांनी १९०९ मध्ये वापरात आणला, तेव्हा जनुक कशाचं बनलेलं असतं हे कुणालाच माहीत नव्हतं. डीएनएची रचना कळली १९५३ मध्ये. कवकांना पूर्वी वनस्पतींत धरत. व्हिटाकर यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पंचसृष्टी पद्धतीत त्यांची वेगळी सृष्टी आहे. म्हणून घरातल्या जुन्या पुस्तकात 'हरितद्रव्य नसलेली वनस्पती म्हणजे कवक' असं सापडलं, तर आजोबांच्या काळी ते बरोबर होतं, आज नाही.

वही समोर ठेवून करायच्या पाच गोष्टी

१. आधी आपल्या इयत्तेचं पुस्तक पाहा. नसेल तर पीडीएफ, आणि तिथेही नसेल तर आधीच्या इयत्तेचं.

२. शब्द इंग्रजीत असेल, तर परिभाषा कोशातून किंवा मराठी माध्यमाच्या पुस्तकातून त्याचा मराठी पर्याय काढा.

३. शब्द फोडून त्याचा अर्थ स्वतःच्या भाषेत सांगून पाहा.

४. ऑनलाइन शोधताना 'व्याख्या' आणि 'मराठी' हे शब्द जोडा. पान हिंदी आहे का, ते आधी बघा.

५. लिहून झाल्यावर दोन प्रश्न विचारा: गट कोणता, वेगळेपण काय? आणि शेवटी एक उदाहरण द्या, शक्यतो पुस्तकात नसलेलं.

या सगळ्याला उतरवून काढण्यापेक्षा पंधरा मिनिटं जास्त लागतील. पण उतरवलेली व्याख्या चुकली, तर का चुकली हे मुलीला सांगता येत नाही, आणि 'आपल्याला विज्ञान जमत नाही' असं ती धरून चालते. तिला विज्ञान न जमल्याचा तो पुरावा नव्हता. एका शब्दाला दोन भाषांत दोन अर्थ होते, एवढंच. आज रात्री लाल रेघ असलेली वही घरात असेल, तर पुस्तक शेजारी उघडा आणि ती चूक नेमकी कुठून आली, ते दोघांनी मिळून शोधा.